बाजू घे

सायकलवाला मागून "बाजूला हो, बाजूला हो" असं ओरडत आला, घंटी तर त्यानं इतकी वाजवली की पलीकडच्या दुकानातला माणूस तराजूवरून मान वर करून बघायला लागला, आणि मी मात्र रस्त्याच्या मधोमध तशीच उभी. ऐकू आलं नाही असं नाही. ऐकू आलं, अर्थही कळला, पाय हलले नाहीत. मग त्याच्या हँडलचं टोक माझं कोपर खरवडून गेलं, आणि तो पुढं जाऊन, एक पाय जमिनीला टेकवून, मागं वळून म्हणाला, "बहिरी आहेस का?" मी म्हणाले, "नाही. तुम्ही आंधळे आहात का?" त्याला हे अपेक्षित नव्हतं. मागच्या वर्षीपर्यंत मलाही नसतं. मागच्या वर्षी असं काही झालं असतं तर मी आधी माफी मागितली असती, मग रडवेली झाले असते, आणि नंतर अंथरुणात पडून त्याला द्यायची उत्तरं पाठ करत बसले असते. यंदा काय झालंय कोण जाणे. उंची वाढली, आवाज वाढला, वर्गात बाकावरून उठून "सर, हे चूक आहे" असं म्हणून झालं आणि आकाश कोसळलं नाही; तेव्हापासून माझ्या तोंडातून वाक्य आधी बाहेर पडतं आणि भीती मागाहून येते. कधी कधी तर येतच नाही, वाटेत कुठंतरी चहा प्यायला थांबते. सायकलवाला पुटपुटत निघून गेला. मी जिंकले होते. पण कोपर चुरचुरत होतं, आणि चालता चालता तो एकच प्रश्न डोक्यात भुणभुणायला लागला, पाय का हलले नाहीत?

कारखान्याच्या उताराला लागले तेव्हा उत्तर सापडलं, आणि सापडल्यावर जरा भीतीच वाटली, पोचली एकदाची. माझ्या अंगाला 'बाजूला हो' हे येतच नाही. आमच्या कारखान्यात असं कुणी कधी म्हटलेलं मी ऐकलं नाही. तिथं म्हणायचे, 'बाजू घे.' आजोबांनी पाडलेला शब्द. टेबलाच्या पोटातून वर आलेलं करवतीचं गोल पातं, त्याच्या उजव्या हाताला सरकवून आवळायची लांब लोखंडी पट्टी, तिला गाइड म्हणायचं, आणि पातं नि गाइड यांच्यामध्ये उरते ती चिंचोळी जागा. तिला आजोबा गल्ली म्हणायचे. फळी उभी चिरायची, म्हणजे लाकडाच्या रेषांबरोबर लांबीत चिरायची, तर ती या गल्लीतून पुढं जाते. आणि बिनसलं तर त्याच गल्लीतून मागं येते. पात्याचे पुढचे दात लाकडाला खाली दाबतात, पण मागचे दात वर येत असतात. लाकूड त्यांच्या तावडीत सापडलं की ते त्याला उचलून ढकलणाऱ्याच्याच पोटात फेकतात. म्हणून गल्लीच्या तोंडाशी उभं राहायचं नाही. डावीकडे यायचं, डावा पाय पुढं, मांडी टेबलाच्या कडेला टेकलेली. आजोबा म्हणत, बाजूला होणं म्हणजे पळणं, आणि पळणाऱ्याच्या हातून फळी सुटते. बाजू घेणं म्हणजे जागा पकडणं. हे त्यांनी आपल्या दोन्ही मुलांना शिकवलं, आधी आत्याला, मग बाबांना. आणि बाबांनी मला. फक्त मला शिकवलं ते कारखान्यात नाही, घरी, जेवणाच्या टेबलावर, कारण तोवर बाबांनी कारखान्यात पाऊल टाकणं सोडलं होतं.

ताट उभं करून दोन पुस्तकांमध्ये अडकवलं, ते पातं. माझी फूटपट्टी म्हणजे गाइड, शाळेची वही म्हणजे फळी. "आधी फळीची एक कड रंध्यानं सरळ कर," बाबा म्हणाले. "वाकडी कड गाइडला लावलीस तर फळी डोलणार, डोलली की दात धरणार. पातं लाकडाच्या वर दातभर दिसेल इतकंच. पात्याच्या पाठीशी पाचर आहे का बघ. मग बाजू घे. मग मशीन सुरू. आणि एकदा ढकलायला लागलीस की शेवटापर्यंत. मध्ये रेंगाळायचं नाही, फळी मागं खेचायची तर मुळीच नाही. शेवटी शेवटी हात लांब, ढकलकाठी घ्यायची." मी वही ढकलली. ताट पडलं. आई आतून म्हणाली, "बापलेक जेवणार आहात की ताटं चिरणार आहात?" मी हसले, बाबा हसले नाहीत. ते ताटाकडे असे बघत होते की जणू ते फिरतंय. बाबा आता तयार कपाटांच्या दुकानात विक्रीला उभे असतात, खिशावर दुकानाचं नाव शिवलेला शर्ट घालून. एकदा मी तिथं गेले होते. गिऱ्हाइकाला खण उघडून दाखवताना त्यांनी नकळत खणाशी नाक नेलं, आणि लगेच मागं घेतलं. भुशाच्या लगद्याला डिंक लावून दाबलेली पाटी ती, तिला कसला वास? बाबांच्या बोटांनाही आता लाकडाचा वास येत नाही, हात पुसायच्या ओल्या कागदाचा येतो. मला त्याचा राग येतो. मला हल्ली पुष्कळ गोष्टींचा राग येतो, आणि खरं सांगायचं तर मजा येते.

पाचर म्हणजे पात्याच्या मागं घट्ट बसवलेला पोलादी पत्रा. चिरलेल्या फळीच्या दोन फाका पुन्हा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून तो मध्ये उभा राहतो, बाकी त्याला काही काम नाही. काही लाकडं आतून रागीट असतात. उतारावर तिरकं वाढलेलं झाड जन्मभर स्वतःला सावरत उभं असतं, तो ताण फळीत उतरतो. चीर पडली की दोन्ही फाका एकमेकींकडे धावतात, मिठी मारायला नव्हे, मधल्या पात्याचा गळा धरायला. आत्यानं ती पाचर काढून टाकली होती. वाकलीय, फळी अडते, वेळ जातो, असं ती म्हणायची. आणि वर म्हणायची, "या कारखान्यात पाचर मारायला तुझा बाप होता तेवढा पुरे." आणि बाबा कारखाना सोडून गेल्यापासून तिनं आणखी एक केलं होतं, ज्याबद्दल कुणी बोलत नसे. ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहायची. पात्याच्या बरोब्बर समोर, दोन्ही पाय रोवून. आजोबांनी जिला बाबांच्याही आधी शिकवलं, ती. विसरली असणं शक्य नाही. मला नेहमी वाटायचं, बाबा जाताना तो शब्दच सोबत घेऊन गेले, आणि हिनं ठरवलं की आता बाजू म्हणून घ्यायची नाही, मग पोटात फळी घुसली तरी बेहत्तर.

कारण त्यांच्या भांडणाचा तो दिवस. मी तेव्हा इतकी लहान होते की दप्तर माझ्या गुडघ्यांवर आपटायचं. शाळेतून थेट कारखान्यात आले, आत मशीन चालू, आणि मशीनपेक्षा मोठ्यानं ते दोघं. बाबांना बाहेरून तयार कपाटं आणून विकायची होती, आत्याला मरेपर्यंत स्वतः बनवायची होती, एवढंच होतं ते. आत्या फळी ढकलत होती, बाबा तिच्या डावीकडे लाकडाच्या ढिगाशी उभे राहून हात नाचवत होते. माझ्याकडे कुणी बघेना म्हणून मी आत्याच्या मागच्या अंगाला, नेमकी गल्लीच्या समोर जाऊन उभी राहिले. बाबांनी मला बघितलं आणि ओरडले, "बाजू घे!" मी धावले. बाबांकडे धावले, त्यांचा शर्ट धरला. आणि मग आत्याचा आवाज, अगदी स्वच्छ, शब्द न् शब्द: "वा! आता पोरीलाही तुझी बाजू घ्यायला शिकवलंस?" आणि बाबांचा, तितकाच स्वच्छ: "शिकवावं लागलं नाही. घेतली तिनं." मी शर्ट सोडला नाही. मी खरंच घेतली होती का? पाय डावीकडे आले ते डावीकडे गल्ली नव्हती म्हणून, की डावीकडे बाबा होते म्हणून? ते उजवीकडे उभे असते तर मी कुणीकडे पळाले असते? पायांना विचारून उपयोग नाही, ते काही सांगत नाहीत. पण त्या दिवसापासून आमच्या घरात बसायच्या जागासुद्धा दोन झाल्या, आत्या लग्नकार्यात आली तर बाबा पंगतीच्या दुसऱ्या टोकाला, आणि नातेवाईक माझ्याकडे बघून म्हणायचे, ही कुणाच्या बाजूची? जशी काही मी कपाटाची झडप आहे.

शटर अर्धं वर होतं. पॉलिशवाला दाराच्या उजेडात बसून खुर्चीचा पाय मांडीवर घेऊन घासत होता. आत्या पातं पुसत होती, तिनं वर बघितलं नाही. "आल्या वकिलीणबाई," ती म्हणाली. मी प्रत्येक गोष्टीला 'का' विचारते म्हणून मी वकिलीणबाई, आणि बाबांचा विषय निघाला की ते 'तुझे अशील'. मग तिला माझं कोपर दिसलं. "हे काय?"

"सायकल घासून गेली."

"रस्त्यात धड उभं राहता येत नाही, आणि मशीनवर उभं राहायचंय." तिनं भिंतीला टेकवलेल्या फळ्यांकडे बोट केलं. "या सगळ्या उभ्या चिरायच्या, चार बोटं रुंद. नीट जमलं तर सुट्टीभर मशीन तुझं. नाही जमलं तर सुट्टीभर यांच्या शेजारी बसून घासकाम."

"माझ्या शेजारी बसणं ही शिक्षा आहे, हे मला आजच कळतंय," पॉलिशवाला म्हणाला.

मला ते मशीन हवं होतं. किती हवं होतं हे सांगायला गेले तर वेड लागलंय असं वाटेल. वर्गात इतर मुलींना काय काय हवं असतं ते मला माहीत आहे, त्यातलं थोडं मलाही हवंय, पण सकाळी जाग येते तेव्हा माझ्या तळहातांना जे आठवतं ते म्हणजे फळी पात्यात शिरतानाचा तो बारीक कंप, जो मी अजून एकदाही स्वतः घेतलेला नव्हता. फक्त आत्या चिरत असताना टेबलाच्या कडेला चोरून हात लावून ऐकला होता. गेले कित्येक महिने मी शाळा सुटली की इथं येत होते, भुसा लोटत होते, फळ्या उचलत होते, टोमणे खात होते, ते यासाठी. आणि आता ते समोर होतं, पुसून लख्ख केलेलं. मी एक फळी घेतली, कड डोळ्यासमोर धरून बघितली, सरळ होती. गाइड मापून आवळली. पातं दातभर वर ठेवलं. आत्या बघत होती, चूक सापडत नव्हती म्हणून तिचं नाक फुगत चाललं होतं. मग मी पात्याच्या मागं बघितलं. तिथं फक्त पाचरीचं रिकामं भोक.

"पाचर कुठंय?"

"डब्यात. आणि डब्यातच राहील."

"मग मी चिरणार नाही."

"का, वकिलीणबाई?"

"चीर मिटली तर फळी उडेल."

"मी इतकी वर्षं चिरतेय. उडाली?"

"अजून नाही."

"अजून नाही!" ती पॉलिशवाल्याकडे वळली. "ऐकलंत? वाट बघतेय पोरगी." मग माझ्या हातातली फळी तिनं ओढूनच घेतली. "हे सगळे लाड तुझ्या अशिलाचे. ताटावर मशीन शिकलेली माणसं तुम्ही." ताटाचं तिला कुणी सांगितलं? आईनंच, आणखी कोण. माझे कान तापले. "सरक. बघ, आणि मग ठरव. मशीन माझं, पद्धत माझी. नाही पटलं तर शटर उघडंच आहे."

ती गल्लीच्या तोंडाशी उभी राहिली, पाय रोवून. मी लाकडाच्या ढिगाशी गेले, डावीकडे. मशीन सुरू झालं आणि बाकीचं जग एका आवाजात बुडालं. फळी पुढं गेली, सरळ, न थरथरता, भुशाची एक पिवळी धार टेबलाखालच्या खोक्यात पडत राहिली, शेवटचा वीतभर भाग तिनं हातानंच, ढकलकाठीशिवाय, पात्याच्या अगदी जवळून बोटं नेत पार केला. दोन फाका झाल्या. तिनं मशीन बंद केलं, चिरलेली पट्टी उचलली, माझ्या नाकासमोर धरली. कड आरशासारखी. "काय झालं? काही नाही. कुणी मेलं? नाही." आणि मला जे वाटलं त्याचं नाव घ्यायला मी जरा घाबरते. मला हायसं वाटायला हवं होतं. माझी आत्या, बाबांची सख्खी बहीण, तिची दहाही बोटं जागेवर. पण छातीत जे खाली बसलं ते निराशेसारखं होतं. मला ती चूक ठरायला हवी होती. मार्कांत नाही, वादात नाही. लाकडानं सांगायला हवं होतं. मी तिच्या पोटाकडे बघत होते, एप्रनची गाठ जिथं होती तिथं, आणि माझ्या मनात एक फळी तिथं येऊन आदळत होती, परत परत, आणि प्रत्येक वेळी मी तिच्या कानाशी वाकून म्हणत होते, सांगितलं होतं ना. हे किती वेळ चाललं ते माहीत नाही. तेवढ्यात तिनं दुसरी फळी घेतली होती.

ती फळी टेबलावर येत असताना फळीचं कापलेलं तोंड मला दिसलं. झाडाच्या वयाच्या रेघा एका अंगाला दाटीवाटीनं, दुसऱ्या अंगाला फाकलेल्या. तिरकं वाढलेलं झाड. उतारावरचं. मी म्हणाले, "आत्या, ही फळी..." पण मशीन सुरू झालं होतं. अर्ध्यापर्यंत सगळं ठीक. मग आवाज बदलला. आधी इतका थोडा की तो माझ्या कोपरातच ठणकला असं वाटलं. मग पातं चढ चढल्यासारखं कण्हायला लागलं, लाकूड करपल्याचा वास आला, आणि पात्याच्या मागं मला ते दिसलं. चीर मिटत होती. दोन फाका हळूहळू, शांतपणे, एकमेकींकडे येत होत्या. ढकलणाऱ्याला ते दिसत नाही, त्याच्यासमोर पातं असतं. बाजूनं बघणाऱ्याला दिसतं. मला दिसत होतं. फक्त मला. बटण तिच्या गुडघ्याशी होतं, माझ्यापासून पार टेबलापलीकडे. माझ्याजवळ होतं ते तोंड. हे यंदाचं, सायकलवाल्यांना गप्प करणारं, सरांना चुका दाखवणारं तोंड, ज्यातून वाक्य भीतीच्या आधी बाहेर पडतं. आणि ते उघडलं नाही. तिथं जो शब्द होता तो एकच होता, दुसरा मला येतच नव्हता, आणि तो शब्द या छपराखाली म्हणायचा नव्हता. मी म्हणाले तर ती काय ऐकेल? आणि त्याच्या खाली, त्याहून खोल, एक आवाज, माझाच, मजेत असलेला: थांब ना जरा. बघूया. मी तो ऐकला. एक श्वासभर मी त्याचं ऐकलंसुद्धा. आत्याची नजर वर आली, माझ्या चेहऱ्यावर थांबली. मग मी ओरडले. घसा फाटेस्तोवर ओरडले. "बाजू घे!"

ती हलली. मी याआधी कुणाला असं हलताना बघितलेलं नाही. विचार न करता, माझ्याकडे न बघता, डावा पाय पुढं, मांडी टेबलाच्या कडेला. आजोबांची मुलगी. हात फळीवरून सुटले आणि फळी मागं गेली. गेली म्हणजे दिसली नाही; फक्त तिच्या एप्रनची नाडी हलली, आणि मागच्या शटरवर असा आवाज झाला की पॉलिशवाला खुर्चीच्या पायासकट उभा राहिला. आत्यानं गुडघ्यानं बटण दाबलं. पातं फिरत राहिलं, मंद होत, मंद होत, दात दिसायला लागले, थांबलं. शटरला कोपराएवढा पोचा पडला होता. पॉलिशवाला म्हणाला, "मी आज लवकर घरी गेलो तर चालेल का?"  आत्याचे ओठ भुशाच्या रंगाचे झाले होते. ती माझ्याकडे वळली आणि तिचं पहिलं वाक्य काय असावं? "कुणाची?"

"काय?"

"बाजू घे म्हणालीस. कुणाची घेऊ? तुझ्या बापाची?"

माझ्या पायांतलं सगळं बळ जिभेत आलं. "फळी तुझ्या पोटात गेली असती! त्या दिवशी माझ्या गेली असती! मी गल्लीत उभी होते, म्हणून बाबा ओरडले, त्यांची बाजू घे म्हणून नाही! आणि तू त्याचं काय केलंस? सगळ्या घराला सांगत सुटलीस!"

"मला माहीत आहे तू कुठं उभी होतीस." तिचा आवाज अजिबात चढला नाही, तेच वाईट होतं. "मशीन कुणी बंद केलं मग?"

 त्या दोघांचे त्या दिवशीचे शब्द मला आठवतात ते स्वच्छ. शब्द न् शब्द. पात्याच्या आवाजात कुणाचे शब्द असे ऐकू येत नाहीत, आता तर माझी हाकही घसा फोडून गेली तेव्हा पोचली. म्हणजे ते बोलले तेव्हा शांतता होती. इतकी वर्षं मी त्या दिवसात परत परत जाते, आणि ती शांतता मला कधी दिसलीच नाही. "मान वळवली तर मागं तू," आत्या म्हणाली. "दोन्ही हात फळीवर दाबून ठेवले आणि गुडघ्यानं बटण दाबलं. त्यानं नुसतं ओरडून दाखवलं. पण तू शर्ट त्याचा धरलास."

"मग तसं का म्हणालीस?"

"रागात माणूस हाताला लागेल ते फेकतो. मी ते फेकलं. तुझ्या बापानं झेललं आणि ठेवून घेतलं." तिनं एप्रनची नाडी सोडली, माझ्याकडे पाठ करून पुन्हा बांधली. "पाचर आण."

मी डब्यातून पाचर आणली. खरंच वाकली होती. "ठोकून सरळ कर. जमेल, की अशिलाला विचारून येतेस?" मी ऐरणीवर धरून ठोकली. पहिला घाव चुकला, तिनं च्यक् केलं. मी आणखी जोरात ठोकली. उजेडात धरून बघितली, पुन्हा ठोकली. तिनं ती माझ्या हातातून घेऊन पात्याशी डोळा लावून बसवली, बोल्ट आवळला, आणि मला पाना देताना म्हणाली, "सुट्टीत मशीन तुला नाही."

"का?" हा 'का' इतका मोठा निघाला की पॉलिशवाल्यानं पुन्हा घासायला घेतलं. "मी बरोबर होते! पाचर हवी होती, तूच आता बसवलीस! फळी उडाली, मी ओरडले, तू वाचलीस!"

"ओरडायच्या आधी थांबलीस."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी घंटी वाजवत गेलं. माझी भीती नेमकी तेव्हाच आली, धावतपळत, सगळी एकदम.

"मी तुझ्याकडे बघत होते," आत्या म्हणाली. "तुला दिसलं होतं. दिसलं आणि थांबलीस. मला मागची चीर दिसत नव्हती, पण तुझं तोंड दिसत होतं. अशा माणसाच्या हातात मी पातं देत नाही."

मला म्हणायचं होतं, एकच श्वास. म्हणायचं होतं, तूही इतकी वर्षं त्या गल्लीत हट्टानं उभी राहिलीस, तुझं काय? म्हणायचं होतं, तू वाईट आहेस, आणि मीही तुझ्याच घरातली आहे.  वर्गात मी कुणालाही गप्प करते. इथं मीच गप्प होते, आणि तिला त्याचा आनंदही झाला नाही, म्हणून मला ती आणखी नकोशी झाली. मी दप्तर उचललं. शटर उघडंच होतं. घरी बाबा असतील, शर्ट बदलून, हात पुसून. विचारतील, काय म्हणाली? आणि मी जे काही सांगीन त्यातून ते आपल्या कामाचं तेवढं ठेवून घेतील. मी दप्तर परत ठेवलं.

"घासकामाला बसणार नाही," मी म्हणाले.

"कुणी बस म्हटलं?" तिनं तिसरी फळी घेतली, तोंडाकडच्या रेघा बघितल्या, कड बघितली, टेबलावर ठेवली. ढकलकाठी हाताशी घेतली. उभी राहिली ती डावीकडे, जणू नेहमीच तिथं उभी राहते असा चेहरा करून. मग हनुवटीनं टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे खूण केली, पात्याच्या पलीकडे, जिथं चिरलेली फळी बाहेर येते. "तिथं राहा. येईल ती पट्टी खालून धरायची. नुसती धरायची. पलीकडच्यानं ओढलं की ढकलणाऱ्याचे हात पात्यात जातात."

"मला माहीत आहे."

"तुला माहीत असतंच. त्याचीच भीती आहे."

मी पलीकडे गेले. आता आमच्यामध्ये पातं होतं, त्याच्या पाठीशी पाचर, आणि ती थेट माझ्याकडे बघत होती, शत्रूकडे बघतात तशी, डोळा न हलवता. मीही हलवला नाही. तिनं गुडघ्यानं बटण दाबलं. फळी पात्यात शिरली, तिची दोन टोकं पाचरीला मध्ये ठेवून माझ्याकडे यायला लागली. मी तळहात खाली धरले. आणि तो कंप आला, लाकडातून, थेट मनगटांत, तिच्या हातांपासून निघालेला. मला तो किती तरी दिवसांपासून हवा होता, आणि आता तो नको वाटेल इतका जवळ होता. तिची बोटं पात्याकडे येत होती. मी थोडं ओढलं असतं तर कुणाला कळलं नसतं. तिला कळलं असतं.

आत्यानं ढकललं. मी ओढलं नाही.